खराट्याशी माझं भांडण

आमच्या युनियनच्या ऑफिसात गाडगेबाबांचा फोटो नव्हता, आणि तो लागू नये म्हणून मी एकदा कार्यकारिणीत चांगलं लांबलचक भाषण केलं होतं. भिंतीवर फुले होते, शाहू महाराज होते, बाबासाहेब होते. मार्क्स तर पहिल्यापासूनच होता. अमरावतीकडच्या एका सहकाऱ्याने सुचवलं की आपल्या वऱ्हाडातला माणूस, परिटाच्या घरात जन्मलेला, जन्मभर कर्मकांडावर कोरडे ओढत फिरलेला. त्यालाही या रांगेत जागा द्या. मी म्हणालो, माणूस मोठा, पण रस्ता आपला नाही. आपण हक्क मागतो, ते शेठजींकडून देणग्या घेऊन गरिबांची सोय लावत होते. सोय लागली की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेला माणूस मोर्चात येत नाही. टाळ्या पडल्या. फोटो लागला नाही.

खरं तर बाबा मला परके नव्हते. मी मूर्तिजापूर तालुक्यातला. बाबांचा जन्म 1876 सालचा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. पण वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर मामाच्या गावी, आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला आला. तिथेच त्याने गुरं राखली, नांगर धरला. माझ्या आजीने बाबांना गावात शिरताना पाहिलं होतं. अंगावर चिंध्यांचं ठिगळजोड पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीचा तुकडा, डोक्यावर फुटकं गाडगं, आणि आल्या आल्या कोणाशी न बोलता रस्ता झाडायला सुरुवात. पाया पडायला कोणी वाकलं तर काठी उगारायचे, हे ती अगदी कौतुकाने सांगायची. लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं की पुढे मुंबईला बँकेत लागल्यावर ते सगळं गावाकडच्या भाकरीसारखं मागे सोडून दिलं.

दानधर्माबद्दलचा माझा राग मात्र पुस्तकी नव्हता. सरकारी दवाखान्यातलं फळवाटप तुम्ही पाहिलं असेल. एखाद्या नेत्याचा वाढदिवस, खाटेवर सलाइन लावलेला पेशंट, आणि त्याच्या हातात केळ्यांची फणी देणारे दहा-बारा जण, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे. त्या केळ्यावर पेशंटचा काय हक्क होता? उद्या वाढदिवस नसेल तर त्याने काय खायचं? पाणपोईवर दात्याचं नाव, बाकावर दात्याचं नाव, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नाव. पंखा फिरायला लागला की तेवढं दिसत नाही, हीच काय ती मेहेरबानी. माझं म्हणणं सरळ होतं. दवाखाना, शाळा, निवारा हे सरकारचं काम. आपण कर भरतो. जे काम सरकारने करायचं ते कोणा पुण्यवानाने केलं की सरकार सुटतं आणि घेणाऱ्याची मान कायमची खाली जाते.

मग 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. आर. आर. पाटलांनी ते मनापासून चालवलं आणि कितीतरी गावांचं रूप त्याने पालटलं, हे मी नाकारत नाही. पण वर्तमानपत्रात रोज कोणीतरी पुढारी कोरा करकरीत खराटा घेऊन उभा दिसायचा, पायाखालचा रस्ता आदल्या रात्रीच कोणीतरी झाडलेला. त्याच सुमाराला नगरपालिका सफाई कामगार कंत्राटावर घेऊ लागल्या होत्या. झाडणं हे संताचं काम म्हणून गौरवायचं आणि रोज झाडणाऱ्याला पगारी रजासुद्धा द्यायची नाही, ही मखलाशी मला असह्य झाली. माझं खराट्याशी जे भांडण होतं ते तेव्हा अगदी पक्कं झालं. आज मागे पाहिलं तर कळतं की ते भांडण खराटा धरून फोटो काढणाऱ्यांशी होतं; पण त्या वेळी मी हा फरक केला नाही, करायची गरजही वाटली नाही.

माझं मत बदललं ते एखाद्या कीर्तनाने किंवा दृष्टान्ताने नाही. चुलतभाऊ आजारी पडला.

वऱ्हाडात खर्रा किती घरांत शिरलाय ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. भावाचं तोंड आधीच दोन बोटंही उघडत नव्हतं. मग गालाला आतून जखम झाली ती बरी होईना. तो आणि वहिनी अमरावती एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरले. मी स्टेशनवर होतो. पुढे परळच्या कर्करोग रुग्णालयात तपासण्या, ऑपरेशन, आणि नंतर शेक. रेडिएशनला आमच्याकडचे लोक शेकच म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. माझं घर डोंबिवलीला, दोन खोल्यांचं. नाकात नळी घातलेला, गळा आतून भाजलेला माणूस रोज सकाळी डोंबिवलीहून लोकलने परळला आणि परत? एक आठवडा आम्ही ते केलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने माझ्या बायकोला खुणेनेच सांगितलं की मला गावी नेऊन सोडा.

आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाचा किती हिस्सा खर्च व्हायला हवा यावर मी अर्धा तास बोलू शकत होतो. त्या संध्याकाळी मला एक खाट हवी होती, रुग्णालयाजवळ, परवडेल अशी. ती मिळवायची कशी, ते मला माहीत नव्हतं. परळच्या फूटपाथवर एक्स-रेच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो, आमच्या पत्रकांत त्यांचा उल्लेखही करत आलो होतो. भावाचं नाव त्यांच्यात जायची वेळ आली तेव्हा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाने एक चिठ्ठी दिली आणि आम्ही दादरला, गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत गेलो.

तिथे मला कोणी उपदेश केला नाही. चिठ्ठी पाहिली, सोबत कोण राहणार ते विचारलं, नियम सांगितले. वहिनीला दोन दिवसांत सगळं उमगलं, आणि ते तिला शिकवलं शेजारच्या बायकांनी. एक बिहारची, एक बंगालकडची, एक आपल्या परभणीची. नळीतून द्यायचं जेवण मिक्सरमध्ये किती बारीक करायचं, नंतर नळीत पाणी सोडून ती कशी साफ ठेवायची, शेकाने चामडी काळी पडली की तिथे साबण लावायचा नाही. ही विद्या कुठल्या छापील कागदावर इतकी नीट मिळत नाही. त्या बायकांच्या माना खाली गेलेल्या मला दिसल्या नाहीत. माझा जो मुख्य मुद्दा होता, घेणाऱ्याच्या मानहानीचा, तो तिथे मला सापडेना. कारण साधं असावं: देणारा समोर नव्हता. पाया पडावं असं कोणी तिथे बसलेलंच नव्हतं.

त्या सहा आठवड्यांत संध्याकाळी भावाशेजारी बसून मी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952 साली लिहिलेलं बाबांचं चरित्र वाचलं. प्रबोधनकार आमच्या पंथाचे. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ लिहिणारा माणूस. देवळांवर तुटून पडणाऱ्याने एका कीर्तनकाराचं चरित्र एवढ्या आदराने का लिहावं, हा प्रश्न खरं तर मला आधीच पडायला हवा होता. मी पान उलटत गेलो आणि ज्या माणसाला मी सोयी लावणारा भला गृहस्थ समजत होतो तो हळूहळू दुसराच निघाला.

मामाची जमीन सावकाराने घशात घातली तेव्हा डेबू हात जोडून उभा राहिला नाही. त्याने त्या शेतात औत घातलं आणि सावकाराची माणसं अंगावर आली तेव्हा मागे सरला नाही. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न करता गोड जेवण घातलं आणि भावकीचा रोष पत्करला. हे सगळं घर सोडण्याआधीचं. 1905 साली, एकोणतिसाव्या वर्षी, तो घराबाहेर पडला. पुढची गोष्ट ऋणमोचनची. पूर्णेच्या काठावरचं हे गाव, पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठावर चिखल, म्हाताऱ्याकोताऱ्या घसरून पडायच्या. दरवर्षी पडायच्या आणि दरवर्षी लोक हळहळायचे. याने तिथे हात देऊन लोकांना चढवायला सुरुवात केली, मग पायऱ्या खोदल्या, आणि पुढे लोकवर्गणीतून पक्का घाट झाला. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटला. आधी पडणाऱ्याला धरलं. घाटाची वर्गणी नंतर. मी आयुष्यभर घाटाच्या मागणीचं निवेदन लिहिणारा माणूस. निवेदन हवंच, पण ते मंजूर होईपर्यंत चिखलात कोण उभं राहणार, याचं उत्तर माझ्या विचारात कुठेच नव्हतं, आणि ते नसणं मला खटकलंही नव्हतं.

आणि कीर्तनं! सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते ना, मग लढाईत बुडालेल्या बोटी वर काढायला सरकारने समुद्रकाठी पूजा का घालू नये, असं ते हजारोंच्या समुदायाला विचारायचे. ताटं विका, बायकोला लुगडं हलक्या भावाचं घ्या, पण पोरगं शाळेत घाला, असं बजावायचे. देवापुढे बोकड कापणाऱ्यांना, कर्ज काढून तेरावं घालणाऱ्यांना ते सोलून काढायचे. पैसे श्रीमंतांकडून घ्यायचे, हे खरं. आमच्या युनियनने एका कंत्राटदाराची देणगी तत्त्व म्हणून परत केली होती आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. बाबांनी ती बहुधा घेतली असती, तिच्या विटा केल्या असत्या, आणि त्या विटांवर उभं राहून सावकारीला झोडपलं असतं. कोणतं बरोबर? पूर्वी मी एका श्वासात सांगितलं असतं. आता सांगवत नाही.

ज्या गोष्टीने माझा जुना युक्तिवाद मोडला ती मात्र पंढरपूरची. बाबा दर वारीला पंढरपुरात असायचे, पण विठ्ठलाच्या देवळात ते दर्शनाला जात नसत. ते वाळवंटात, लोकांत. तिथे अस्पृश्य वारकऱ्यांना रात्री टेकायला छप्पर नाही हे पाहून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे 1949 साली ही धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्या दोन माणसांना मी आमच्या भिंतीवर वेगळं केलं होतं, एकाला आत घेऊन एकाला बाहेर ठेवलं होतं, त्यांचं आपसात असं काही भांडण नव्हतंच. बाबासाहेब आजारी बाबांना भेटायला येत, त्यांना मानत. हक्काच्या लढाईतल्या सर्वांत मोठ्या सेनापतीला त्या धर्मशाळेत लढाईचा अडसर दिसला नाही, वसतिगृह दिसलं. आणि मी, बँकेतला एक कारकून, त्यांच्याहून कडवा निघालो होतो!

सगळं पटलं असं नाही, आणि ते लपवून ठेवलं तर हे मनोगत अर्धंच राहील. बाबांच्या पत्नी कुंताबाईंचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. नवरा एका पहाटे उठून निघून गेला, पोरांसकट मागे राहिलेली बाई. बाबांचा कटाक्ष असा की आपण उभारलेल्या धर्मशाळांत आपल्या माणसांनी सुख भोगायचं नाही. त्यामुळे घरच्यांच्या वाट्याला झोपडीच. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही हकिगत लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते कुंताबाईंसाठी. संस्थांवर नातलगांचा हक्क नको हा नियम सोन्याचा आहे, आजच्या ट्रस्टींनी तो पाठ करावा. पण त्याची किंमत कोणी मोजली तेही लिहून ठेवायला हवं. मी स्वतः आता पेशंटच्या मदतीला जातो, पण संध्याकाळी घरी परततो. रविवारी जात नाही. बायकोने त्याबाबतीत मला कोणत्याही संताचं उदाहरण द्यायला बंदी केली आहे.

जातो म्हणजे परळला. निवृत्त झाल्यावर सुरुवात झाली. भाऊ त्याआधीच बरा होऊन गावी गेला होता आणि त्याने माझा नंबर निम्म्या तालुक्याला वाटला होता. माझं काम तसं कारकुनीचं. फॉर्म भरून देणं, फाइल लावून देणं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते कागद लागतात ते सांगणं, मुख्यमंत्री साहाय्यता निधीचा अर्ज, सिद्धिविनायक ट्रस्टचा अर्ज, खर्चाच्या अंदाजपत्रकावर सही-शिक्का राहिला असेल तर परत त्या खिडकीवर जाणं. बँकेत पस्तीसेक वर्षं लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढण्यात गेली. आता त्या खिडकीवर जाण्याआधीच काढतो, इतकाच फरक. नावांची मौज बघा: योजना फुल्यांच्या नावाची, नागपूरचं कर्करोग रुग्णालय तुकडोजी महाराजांच्या नावाचं, धर्मशाळा गाडगेबाबांच्या नावाची. आमच्या ऑफिसच्या भिंतीपेक्षा पेशंटच्या फाइलला जास्त समज होती म्हणायचं.

सुरुवातीला मी धीर द्यायला जायचो. काळजी करू नका, सगळं नीट होईल, वगैरे. हे लवकरच सोडलं. पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसाला पहिल्यांदा संडास कुठे आहे ते दाखवावं लागतं, मग पिण्याचं पाणी, मग रांग. बाबा गावात शिरल्यावर बोलण्याआधी झाडायला का लागायचे, हे मला पोथीतून नव्हे तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात समजलं. ऐकायला माणूस बसू शकेल अशी जागा आधी करावी लागते. वहिनीसारख्या बाया तर माझ्याहून कितीतरी चांगलं काम करतात. मी त्यांचे नंबर नव्या येणाऱ्यांना देतो. मला नुसतं टेबल-खिडकीचं ज्ञान. नळीचं ज्ञान त्यांच्याकडे.

देव मी अजून मानत नाही. धर्मशाळेत गेलो की बाबांच्या तसबिरीला हात जोडत नाही, आणि त्यांना ते चालेल अशी मला खात्री आहे. जुन्या सहकाऱ्यांपैकी एक जण मात्र अजून माझ्यावर नाराज आहे. तो म्हणतो, तू सरकारचं काम फुकटात करतोस, म्हणजे सरकारला एक कर्मचारी कमी लागतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्याला उत्तर देत नाही, कागद देतो. एका वहीत मी लिहून ठेवतो: कोण कुठून आलं, कोणत्या तपासणीसाठी किती दिवस थांबलं, जी तपासणी जिल्ह्याच्या गावी झाली असती तर इथे यावंच लागलं नसतं. शेकाची सोय घराजवळ असती तर सहा आठवडे बुडालेली मजुरी वाचली असती अशी माणसं त्या वहीत पानोपानी आहेत. गेल्या वेळच्या निवेदनात त्याने त्यातलेच आकडे वापरले. आमच्या निवेदनांत पूर्वी असे आकडे नसायचे, विशेषणं असायची. मोर्चालाही गेलो होतो. गुडघ्यांमुळे आझाद मैदानात थेट शेवटी पोचलो, तो भाग वेगळा.

परवा दर्यापूरकडून फोन आला. पोराचा आवाज, घाबरलेला.

“भाऊ, बाबाले घेऊन उद्याच्या गाडीनं निघतो आमी. काय काय आणू?”

म्हटलं, लिहून घे. रेशनकार्ड आणि आधार, मूळ प्रती, झेरॉक्स वेगळ्या. तिकडच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासला असेल तर नुसता रिपोर्ट नको, काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक, दोन्ही माग. देत नसतील तर मला फोन लावून दे. एक पातळ चादर, एक स्टीलचा डबा. वडिलांसोबत एक जण पुरे, सगळं घर घेऊन येऊ नकोस. दादरला पूर्वेच्या बाजूला उतर, मी जिन्याखाली असेन.

“अन् पैसे किती लागतीन?”

“ते इथं बघू. आणि हे बघ, खर्रा आणायचा नाही.”

“बाबानं तं कवाच सोडला भाऊ.”

“बाबाचं नाही विचारत. तुझ्या खिशात आहे तो.”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “गाडीत बसाच्या आंधी फेकतो.” मी म्हटलं, आत्ता फेक, मी फोन धरून आहे.